होमरचे कठीण शब्द

ख्रिस्तपूर्व 427 साली अथेन्समध्ये अरिस्टोफेनीस या तरुण नाटककाराचे पहिले नाटक रंगभूमीवर आले. नाटकाचे नाव 'दैतालीस', म्हणजे मेजवानीला बसलेली मंडळी. ते नाटक आज उपलब्ध नाही. इतर ग्रंथकारांनी प्रसंगोपात्त उतरून घेतलेले तुकडे तेवढे हाती उरले आहेत. त्यांतला एक तुकडा गॅलेन या विख्यात वैद्याने आपल्या एका शब्दसंग्रहाच्या प्रस्तावनेत जपून ठेवला. त्यात एक वृद्ध बाप आपल्या मुलाची परीक्षा घेत आहे. मुलगा नव्या वक्तृत्वशिक्षकांच्या नादी लागलेला, न्यायालयात बाजी मारण्याची विद्या शिकून आलेला. बाप विचारतो, होमरमधल्या 'कोरुम्बा' या शब्दाचा अर्थ काय? 'अमेनेना कारेना' म्हणजे काय? पहिला शब्द जहाजाच्या मागच्या अंगाला असलेल्या उंच, शोभिवंत टोकांचा. दुसऱ्या शब्दजोडीचा अर्थ मृतांची निर्बल मस्तके. मुलगा या प्रश्नांना उत्तर देत नाही. उलट आपल्या भावाकडे बोट दाखवून तो म्हणतो की, आधी याला सोलोनच्या कायद्यांतल्या एका जुन्या शब्दाचा अर्थ सांगू द्या.

प्रेक्षक हसले असतील. परंतु बापलेकांचे हे भांडण केवळ विनोदाचे नव्हते. अथेन्सचे स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन चार वर्षे लोटली होती. नगरीचा तरुण कशाने घडावा, जुन्या काव्याने की नव्या युक्तिवादाने, हा प्रश्न घराघरांत होता. बापाच्या दृष्टीने ज्याला होमर समजत नाही तो अथेनियन म्हणवून घेण्यास अपात्र. मुलाच्या दृष्टीने जे शब्द बाजारात चालत नाहीत आणि न्यायासनापुढेही चालत नाहीत, ते पाठ करण्यात आयुष्य दवडणे व्यर्थ. आणि एक गोष्ट दोघांनाही मान्य होती: होमरचे पुष्कळसे शब्द आता कोणालाही आपोआप कळत नव्हते.

असे का व्हावे? इलियड सुमारे 15,700 ओळींचे, ओडिसी सुमारे 12,100 ओळींचे. ही काव्ये ज्या भाषेत आहेत ती भाषा ग्रीसमधल्या कोणत्याही गावात, कोणत्याही काळी, जशीच्या तशी बोलली गेलेली नाही. तिचा पाया आयोनियन बोलीचा. त्यात एओलियन रूपे मिसळलेली. आणि त्याहूनही जुने, जिथे ते जन्मले तिथेही मरून गेलेले शब्द गायकांच्या परंपरेने वृत्ताच्या चौकटीत घट्ट बसवून ठेवलेले. सहा गणांच्या त्या ओळीत एखादा शब्द एकदा नेमका बसला की तो हलत नाही. व्यवहारातून तो गेला तरी ओळीत राहतो. अथेन्सचा मुलगा घरी बोलत असे ॲटिक ग्रीक. शाळेत त्याला जे पाठ करावे लागे ते अर्धे परके असे.

पाठ करणाऱ्यांची वाण मात्र नव्हती. झेनोफनच्या 'सिम्पोझियम'मध्ये निकियास सेनापतीचा मुलगा निकेराटस अभिमानाने सांगतो की, आपण सज्जन व्हावे म्हणून वडिलांनी आपल्याकडून सगळा होमर तोंडपाठ करून घेतला. त्यावर सॉक्रेटिसाच्या मंडळीतला अँटिस्थेनीस त्याला आठवण देतो की, गावोगाव फिरणाऱ्या कथेकऱ्यांनाही तो सगळा पाठ असतो. आणि त्यांच्याइतके अडाणी लोक दुसरे कोणी नाहीत हे निकेराटसला मान्य करावे लागते. पाठांतर आणि अर्थज्ञान यांच्यातले हे अंतर आपल्याकडेही अनोळखी नाही. वेदमंत्रांतील दुर्बोध शब्दांची यादी 'निघंटू' या नावाने झाली, तिच्यावर यास्काने 'निरुक्त' लिहिले. आणि मंत्रांना अर्थच नसतो असे म्हणणाऱ्या कौत्साला यास्काला तिथेच उत्तर द्यावे लागले. ग्रीकांची ही कथा त्याच जातीची आहे. फरक इतकाच, की वेदाचे अक्षर बदलणार नाही याची काळजी आपल्याकडे पराकोटीने घेतली गेली, तर होमरच्या बाबतीत न कळणारा शब्द काढून कळणारा घालण्याचा मोह लेखनिकांना वेळोवेळी झाला. म्हणून कठीण शब्दाचा अर्थ सांभाळणे हे तिथे मूळ काव्यच सांभाळण्यासारखे होते.

ग्रीकांनी अशा शब्दाला नाव दिले 'ग्लोट्टा' किंवा 'ग्लोस्सा'. मूळ अर्थ जीभ. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात त्याची व्याख्या केली, ती मार्मिक आहे: जो शब्द दुसरे लोक वापरतात आणि आपण वापरत नाही, तो ग्लोट्टा. भाल्याचा एक शब्द सायप्रसच्या लोकांना रोजचा, पण अथेन्सच्या लोकांना तोच ग्लोट्टा. म्हणजे शब्द स्वभावतः कठीण नसतो. तो कोणाच्या तरी अंगणातला असतो आणि आपण त्या अंगणातले नसतो. याच ग्रंथात ॲरिस्टॉटलने दोन-तीन अवघड जागा सोडवून दाखविल्या आहेत. इलियडच्या आरंभी अपोलो रोगाचे बाण सोडतो ते प्रथम 'ऊरेआस' यांच्यावर. शब्दाचा सरळ अर्थ खेचरे. कोपलेल्या देवाने आधी खेचरांवर बाण का सोडावेत? ॲरिस्टॉटल सुचवितो की इथे कदाचित 'पहारेकरी' असा अर्थ असेल. दुसऱ्या एका प्रसंगी अकिलीस आलेल्या पाहुण्यांसाठी मद्य 'झोरोटेरोन' मिसळायला सांगतो. अधिक कडक, असा अर्थ घेतला तर पाहुणे दारूबाज ठरतात. 'अधिक लवकर' असा घेतला तर वीरांची अब्रू वाचते. इथे ॲरिस्टॉटलसारखा तर्कपंडितही शब्दाच्या अर्थापेक्षा वीरांच्या अब्रूची चिंता अधिक वाहतो, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

ॲरिस्टॉटलनंतर लवकरच शब्द गोळा करणे हा स्वतंत्र व्यासंग झाला. कॉस बेटावरचा फिलीटस हा कवी आणि पंडित. ईजिप्तचा दुसरा टॉलेमी राजा त्याचा शिष्य. त्याने दुर्मीळ शब्दांचा जो संग्रह केला त्याला नाव दिले 'अव्यवस्थित शब्द'. हे पुस्तक इतके गाजले की ते नाटकाचा विषय झाले. स्ट्रॅटो नावाच्या विनोदी नाटककाराने एक प्रवेश लिहिला आहे. एका गृहस्थाने मेजवानीसाठी आचारी भाड्याने आणला. आणि हा आचारी होमरच्या भाषेशिवाय बोलेना. किती 'मेरोपेस' जेवायला बोलावले आहेत, असे तो विचारतो. मेरोपेस म्हणजे मर्त्य मानव. यजमानाला वाटते की ही कोणी परकी मंडळी आहेत आणि आपण त्यांना ओळखतही नाही. मग 'दैतुमोन' येणार आहे का, असा प्रश्न येतो. दैतुमोन म्हणजे जेवणारा पाहुणा. यजमान आमंत्रितांची नावे मोजून पाहतो आणि या नावाचा कोणी नाही असे सांगतो. 'मेला' कापायचे आहेत का? होमरच्या भाषेत मेला म्हणजे मेंढरे. यजमानाच्या कानाला ती सफरचंदे. मिठालाही आचाऱ्याकडे असाच जुना शब्द आहे. शेवटी यजमान कपाळाला हात लावतो: घरी आचारी नव्हे, स्फिंक्स आणला, याचे बोलणे समजायचे तर फिलीटसची पुस्तके मागवून एकेक शब्द काढून पाहिला पाहिजे. यातली गंमत अशी की 'मेरोपेस' या शब्दाची व्युत्पत्ती त्या काळच्या पंडितांनाही निश्चित ठाऊक नव्हती. आचाऱ्याला ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

हा प्रवेश आज उपलब्ध आहे तो दोन वाटांनी. एक वाट अथेनीअस या ग्रंथकाराची. दुसरी वाट अधिक बोलकी आहे. ईजिप्तमध्ये सापडलेल्या आणि कैरो येथे ठेवलेल्या एका पपायरसमध्ये ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातले शालेय पुस्तक आहे. ते 1938 साली प्रसिद्ध झाले. त्यात मुलांसाठी अक्षरांच्या जोडण्या आहेत, संख्या आहेत, देवांची आणि नद्यांची नावे आहेत, युरिपिडीस आणि ओडिसीतले उतारे आहेत. आणि त्यातच हा होमरवेडा आचारीही आहे. म्हणजे नाईलच्या काठी ग्रीक शिकणाऱ्या मुलाला होमरचे शब्द ज्या पुस्तकातून शिकविले जात, त्याच पुस्तकात त्या शब्दांची थट्टाही त्याला वाचायला मिळे. ज्या शिक्षकाने हे संकलन केले त्याला मुलांची पारख असली पाहिजे.

थट्टेपलीकडे गंभीर काम चालले होते ते अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात. पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याने होमरची चिकित्सक आवृत्ती केली आणि कठीण शब्दांचा कोशही केला. त्या काळी कोशकारांचा एक वर्गच होता. त्यांना 'ग्लोसोग्राफ' म्हणत. त्यांची पद्धत सोपी होती: शब्द जिथे आला त्या ओळीत शोभेल असा अर्थ सांगावयाचा आणि पुढे जावयाचे. दुसऱ्या ओळीत तो अर्थ बसला नाही तर तिथे दुसरा सांगावयाचा. या पद्धतीला खरा शह दिला तो सॅमोथ्रेसचा ॲरिस्टार्कस याने. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला हा ग्रंथपाल. एखादा शब्द अडला की तो होमरमध्ये जिथे जिथे आला असेल ती प्रत्येक जागा एकत्र ठेवून पाहावी, आणि सगळीकडे टिकेल असा अर्थ घ्यावा, हे त्याचे धोरण. 'होमरचा अर्थ होमरवरूनच' हे सूत्र पुढे पॉर्फिरीच्या लेखनात आढळते. ते शब्द ॲरिस्टार्कसचे असोत वा नसोत, काम त्याचेच आहे.

या धोरणाचे फळ काय, हे एका शब्दावरून दिसेल. 'फोबोस' म्हणजे भीती, हे प्रत्येक ग्रीक मुलाला ठाऊक होते. ॲरिस्टार्कसने सगळ्या जागा पाहिल्या आणि दाखवून दिले की, होमरमध्ये फोबोस म्हणजे भीती नव्हे, पळ. रणांगणावर सैन्याची फळी मोडून लोक पाठ फिरवितात, ते फोबोस. तसेच 'बालेइन' म्हणजे दुरून फेकलेल्या शस्त्राने घायाळ करणे आणि 'ऊतासाइ' म्हणजे हातातल्या शस्त्राने जवळून जखम करणे, हा भेद त्याने ओळखला; नंतरच्या ग्रीकांना दोन्ही एकच वाटत. खरोखर कठीण शब्द तो नव्हे जो अपरिचित दिसतो. अपरिचित शब्दापाशी वाचक थांबतो, विचारतो, कोश उघडतो. परिचित दिसणारा शब्द मात्र त्याला न थांबवता चुकीच्या वाटेने नेतो. फोबोसला भीती समजणारा वाचक शतकानुशतके इलियड वाचत होता, आणि आपले काही चुकते आहे अशी शंकाही त्याला येत नव्हती. आठव्या टॉलेमीच्या कारकीर्दीत पंडितांवर संकट आले तेव्हा ॲरिस्टार्कस सायप्रसला गेला आणि तिथेच वारला. त्याने समासात केलेल्या खुणा मात्र पुढच्या लेखनिकांनी उतरवीत नेल्या.

शाळेपर्यंत या विद्वत्तेचा अंश किती पोचला? ईजिप्तच्या वाळूत होमरचे जितके पपायरस सापडले तितके दुसऱ्या कोणत्याही ग्रीक कवीचे नाहीत. आणि त्यांत शब्दयाद्यांचा भरणा मोठा आहे. डाव्या स्तंभात होमरचा शब्द, उजव्या स्तंभात त्या काळचा चालू शब्द. ओळीमागून ओळ, काव्यात ज्या क्रमाने शब्द आले त्याच क्रमाने. अनेक याद्या इलियडच्या पहिल्या सर्गाच्याच आहेत. उत्साह आरंभी असतो आणि पुढे ओसरतो, हे सर्व देशांतल्या विद्यार्थ्यांना लागू आहे. कित्येक याद्यांचे अक्षर अडखळते आहे, शुद्धलेखन सदोष आहे. ज्या मुलाची घरची भाषा ईजिप्शियन असेल त्याला एकाच वेळी दोन ग्रीक भाषा शिकाव्या लागत होत्या, एक उजव्या स्तंभातली आणि एक डाव्या. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकात अपोलोनियस नावाच्या पंडिताने अक्षरानुक्रमाने होमरचा कोश रचला. तो पॅरिसमधल्या एका हस्तलिखितात तेवढा टिकला.

पश्चिम युरोपात मधल्या शतकांत ग्रीक जवळजवळ विसरले गेले. 1354 साली पेट्रार्कला बिझँटियमच्या निकोलस सिगेरोस या वकिलाकडून होमरची ग्रीक पोथी भेट मिळाली. ती त्याला वाचता येत नव्हती. होमर आपल्यापाशी मुका आहे, किंवा आपणच बहिरे आहोत, अशा आशयाचे पत्र त्याने लिहिले आणि पोथी जपून ठेवली. पुढे लिओन्शियस पिलाटस याने फ्लॉरेन्समध्ये शब्दाला शब्द ठेवून लॅटिन भाषांतर केले ते त्याला पाहावयास मिळाले. 1488 साली फ्लॉरेन्सलाच होमर प्रथम छापला गेला. ॲरिस्टार्कसच्या खुणा असलेली दहाव्या शतकातली इलियडची भव्य पोथी व्हेनिसच्या ग्रंथालयात पडून होती. तिच्यातील टीका व्हिल्वाझों या फ्रेंच पंडिताने 1788 साली प्रसिद्ध केली. अपोलोनियसचा कोश 1773 साली छापणाराही तोच.

त्यानंतर जे घडले त्याचा एक धागा भारतात आहे. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाविषयी आपले प्रसिद्ध विधान केले. होमरच्या शब्दांना त्यामुळे एक नवा साक्षीदार मिळाला. इलियडच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी झ्यूसला झोप येत नाही. त्या झोपेला विशेषण आहे 'नेदुमोस'. प्राचीन टीकाकारांनी त्याची फोड 'ज्यातून वर येता येत नाही अशी' असा अर्थ काढण्यासाठी केली. बर्लिनच्या फिलिप बुटमान याने 1818 साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या 'लेक्सिलोगस'मध्ये दाखवून दिले की, हा शब्दच मुळात चुकून जन्मला. खरा शब्द 'हेदुमोस', म्हणजे गोड. प्राचीन काळी त्याच्या आरंभी 'व'कार होता. तो ग्रीकांच्या तोंडातून गेला. हा गळालेला 'व'कार होमरच्या वृत्तात अजून ऐकू येतो, हे इंग्लंडच्या बेंटलेने अठराव्या शतकाच्या आरंभीच ओळखले होते. 'व'कार गेल्यावर मागच्या क्रियापदाचा स्वर आणि या शब्दाचा स्वर एकमेकांवर आदळू लागले. मध्ये 'न'कार आला. आणि 'एखेन एदुमोस' हे 'एखे नेदुमोस' असे ऐकू येऊ लागले. त्या गोड झोपेचे मूळ शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही: ग्रीक 'हेदुस' आणि संस्कृत 'स्वादु' हे एकाच घरातले. 1853 साली आडाल्बर्ट कून याने होमरमधली अक्षय कीर्तीची शब्दजोडी आणि ऋग्वेदातले 'अक्षित श्रवस्' यांचेही असेच नाते दाखविले. अशा चुकून जन्मलेल्या शब्दांचा शोध पुढे मानू लॉयमान याने 1950 साली एका ग्रंथात घेतला.

सर्वांत विलक्षण कथा एका पेल्याची आहे. होमरचे वीर पितात त्या पात्राचे नाव 'देपास', आणि त्याचे एक विशेषण 'अम्फिकुपेलोन'. हे विशेषण कुणालाच उलगडत नव्हते. ॲरिस्टॉटलने मधमाश्यांच्या पोळ्याचे वर्णन करताना हाच शब्द वापरला. घरे दोन्ही बाजूंनी उघडी, मध्ये समाईक तळ. काही टीकाकार म्हणत, दोन कानांचा पेला. एकोणिसाव्या शतकात श्लीमानला ट्रॉयच्या उत्खननात उंच, निमुळते, दोन मुठींचे पेले सापडले, आणि त्याने विनाविलंब त्यांना होमरचे नाव देऊन टाकले. ते पेले ज्या थरातले, तो थर होमरच्या युद्धाच्या परंपरागत काळापेक्षा हजार वर्षांनी जुना निघाला. नाव मात्र पुरातत्त्वज्ञांच्या ग्रंथांत चिकटले ते कायमचे.

मग 1 जुलै 1952 रोजी बी.बी.सी.च्या एका भाषणात मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने जाहीर केले की, क्रीट आणि पायलोस येथील मातीच्या पाट्यांवरची लिपी आपण वाचली आहे आणि ती भाषा ग्रीक आहे. आकाशवाणीच्या श्रोत्यांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट: या शोधाची वार्ता प्रथम ध्वनिलहरींवरून जगापुढे आली. पुढच्याच वर्षी अमेरिकन पुरातत्त्वज्ञ ब्लेगेन याने पायलोसला सापडलेली एक पाटी नव्या वाचनपद्धतीने वाचून पाहिली. तीवर भांड्यांची चित्रे होती आणि शेजारी शब्द होते. चार कानांच्या भांड्यापुढे 'दि-पा', चार कानी. तीन कानांच्या भांड्यापुढे 'दि-पा', तीन कानी. बिनकानी भांड्यापुढे तेही तसेच लिहिलेले. 'चार'साठी त्या पाटीवर जो 'क्वेत्रो' आहे त्यात संस्कृत 'चतुर्' ऐकू यावा. 'दि-पा' हाच होमरचा देपास. आणि पायलोस हे तर होमरच्या वृद्ध नेस्टरचे नगर. त्याच्याच देपासाला चार कान असल्याचे इलियडच्या अकराव्या सर्गात वर्णन आहे, आणि भरलेला असता तो इतरांना उचलणे जड जाई असेही सांगितले आहे. पाटीवरचे भांडे आकाराने साध्या पेल्यापेक्षा रांजणासारखे दिसते. म्हणजे अर्थ मधल्या काळात सरकला होता. ख्रिस्तपूर्व 1200 च्या आसपास राजवाड्याला लागलेल्या आगीत ती कच्ची पाटी भाजून पक्की झाली, म्हणून ती वाचली. तरवारीचा 'फास्गानोन', स्नानपात्राचा 'असामिन्थोस', राजाचा 'वानाक्स', हे सारे शब्द त्या लिपीत सापडले. हिशेबनिसांनी रोज वापरलेले हे शब्द पुढे काव्याच्या भाषेतच प्रामुख्याने टिकले.

मग स्वतः कवीला आपले सगळे शब्द कळत होते काय? मिल्मन पॅरी या अमेरिकन विद्वानाने 1928 साली पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात होमरची ठराविक विशेषणे ही परंपरेची घडण असल्याचे दाखविले. पुढे युगोस्लाव्हियातल्या जिवंत गायकांची गाणी त्याने ध्वनिमुद्रित केली. 1935 साली ऐन तारुण्यात तो वारला. गायक अनेक जुने शब्द अर्थासाठी नव्हे, तर ते ओळीत बसतात आणि प्राचीन वाटतात म्हणून घेतो, असे त्याचे म्हणणे होते. हे खरे मानले तर 'दैतालीस'मधल्या बापाचा प्रश्न होमरलाच विचारला असता तर तोही एखाद्या शब्दापाशी गप्प बसला असता.

विद्यार्थ्याला मात्र गप्प बसून चालत नाही. 1906 साली शिकागो येथे ओवेन आणि गुडस्पीड यांनी होमरच्या शब्दांच्या याद्या अक्षरानुक्रमाने न देता, शब्द किती वेळा येतो त्या क्रमाने दिल्या. जो अधिक वेळा भेटणार तो आधी शिकावा. 1920 साली क्लाईड फार याने तर ग्रीकचा आरंभच होमरपासून करावा म्हणून पाठ्यपुस्तक लिहिले. या मार्गाने जाणाऱ्याला काही महिन्यांत इलियडच्या ओळी लागू लागतात, हे खरे. परंतु एकेकदाच येणारे शेकडो शब्द या याद्यांच्या बाहेर राहतात, आणि काही शब्द अनेकदा येऊनही हाती लागत नाहीत.

'नुक्टोस अमोल्गो' ही शब्दजोडी होमरमध्ये पाच ठिकाणी आहे. 'नुक्टोस' म्हणजे रात्रीचा, तेवढे निश्चित. 'अमोल्गो' म्हणजे दूध काढण्याची वेळ, असे कोणी म्हणतात, कारण दोहनाचे ग्रीक क्रियापद त्याच्यासारखे आहे. कोणी म्हणतात, रात्रीचा गर्द गाभा. गाईगुरांवर सिंह चालून येतात तेव्हा हे शब्द येतात, आणि पेनेलोपीला स्वप्न पडते तेव्हाही येतात. शेवटच्या द्वंद्वात अकिलीस हेक्टरवर धावून जातो. त्याच्या भाल्याचे टोक ताऱ्यांमध्ये सर्वांत सुंदर अशा सायंतारकेसारखे चमकते, आणि ती तारका ज्या काळोखात चमकते त्याचे नाव 'अमोल्गो' आहे. कोश तिथे दोन-तीन अर्थ देतात आणि पुढे प्रश्नचिन्ह घालतात.